घराचा कर भरायला दिलेले पैसे दस्त करणाऱ्यानेच वापरले. जबाबदारी कोणाची? (इंडोनेशिया)

वैदेही_जावा

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, गेली चौदा वर्षं पूर्व जावात, सुराबायापासून तासाभराच्या अंतरावर राहते. नवरा इथलाच. गेल्या मार्चमध्ये, म्हणजे २०२५ साली, आम्ही एक जुनं घर घेतलं. किंमत ९० कोटी रुपिया, आपले साधारण ४८ लाख रुपये. विकणाऱ्या बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. मी त्यांना इबूच म्हणते, म्हणजे आई.

इथे जमिनीचा दस्त करतो तो पेपेआते. कायद्यातलं नाव 'पेजाबात पेम्बुआत आक्ता तानाह', जमिनीचे दस्त करणारा अधिकारी. नेमणूक सरकारची, पाटीवर सरकारी चिन्ह, पण ऑफिस त्याचं स्वतःचं आणि फी आपण द्यायची. खरेदीदाराला किमतीवर कर लागतो. आमच्याकडे पहिले ८ कोटी रुपिया माफ आणि उरलेल्यावर ५ टक्के, म्हणजे ४ कोटी १० लाख रुपिया. विकणाऱ्याला अडीच टक्के, म्हणजे इबूंना सव्वादोन कोटी. दोघांचेही पैसे पेपेआतेकडे द्यायची इथे सर्रास पद्धत आहे. 'तुम्ही कुठे हेलपाटे घालता, आम्ही भरतो' असं म्हणतात. आम्ही दिले. त्याची फी आणि नाव चढवायचा खर्च धरून आमचे एकूण ५ कोटी १० लाख त्याच्याकडे गेले.

दस्तावर सह्या झाल्या. घराच्या मालकीचं प्रमाणपत्र नावावर करायला त्याने ठेवून घेतलं. मग पुढचा महिना, पुढचा महिना. नोव्हेंबरमध्ये आम्ही थेट भूमी कार्यालयात गेलो, तर आमचा अर्जच पोहोचलेला नव्हता. जिल्ह्याच्या कर कार्यालयात आमच्या पावतीची प्रत दाखवली. तिथल्या बाईंनी संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, हा क्रमांक आमच्याकडे नाही, बँकेचा शिक्का खोटा आहे.

पेपेआतेचं ऑफिस बंद. फोन बंद. कर कार्यालय म्हणतं, कर भरा. आम्ही म्हणतो, भरलाय. ते म्हणतात, आमच्याकडे आलेला नाही.

इबूंचीही तीच गत. त्यांच्या निवृत्तिवेतनातून हे दुसऱ्यांदा निघणं शक्य नाही. त्यांच्या घरी गेले की मला आत जायला पाय उचलत नाही.

इथले वकील एक सांगतात, नातेवाईक दुसरंच. कायद्यातलं कळणारे इथे बरेच आहेत, म्हणून लिहिलं. सरकारने नेमलेल्या माणसाने पैसे खाल्ले तर सरकार जबाबदार नाही का?

---

अश्विनी०७

वाचून पोटात कालवलं. वैदेही, धीर धर. मला काही कळत नाही यातलं, पण एक विचारते. पेपेआते म्हणजे आपला दुय्यम निबंधक का? की तलाठी?

---

मंदार_जकार्ता

दोन्ही नाही. मी इथे बँकेत गृहकर्जाच्या विभागात आहे, रोज यांच्याशी काम पडतं.

आपल्याकडे दुय्यम निबंधक हा पगारी नोकर. दस्त वकील किंवा दस्तलेखक लिहितो, तो फक्त नोंदवतो. इथे दस्त करण्याचा अधिकारच पेपेआतेला. त्याच्यासमोर सही झाल्याशिवाय विक्रीची नोंद होत नाही. नोंद मात्र भूमी कार्यालय करतं. १९९७ च्या जमीन नोंदणी नियमांप्रमाणे सही झाल्यापासून सात कामाच्या दिवसांत त्याने कागद तिकडे पोहोचवले पाहिजेत. पगार नाही, फी घेतो, आणि ती किमतीच्या १ टक्क्यापेक्षा जास्त घेता येत नाही. दुर्गम भागात पेपेआते पुरेसे नसतील तर चामात, म्हणजे आपल्या तहसीलदारासारखा अधिकारी, हेच काम तात्पुरतं करतो.

बहुतेक पेपेआते नोटरीही असतात. नोटरी म्हणून कायदा मंत्रालयाच्या हाताखाली, पेपेआते म्हणून भूमी मंत्रालयाच्या. वैदेहीताई, तुमचा माणूस दोन्ही असेल तर तक्रारही दोन्हीकडे करा. एकीकडे केलेली तक्रार दुसरीकडे आपोआप जात नाही.

आणि 'काम चालू आहे' असं पत्र त्याने तुम्हाला दिलंय का? इथे त्याला कव्हरनोट म्हणतात. लोक त्यावर फार विसंबतात. तो दस्त नव्हे, नुसतं आश्वासन आहे.

---

वैदेही_जावा

हो, आहे! त्यावर शिक्का, सही, सगळं आहे. मी तो कागद देवाजवळ ठेवल्यासारखा जपून ठेवलाय.

---

निशिगंध

मी पुण्यात वकिली करते. इंडोनेशियाचा कायदा हा माझा विषय नाही, पण त्यांचा दिवाणी आणि फौजदारी पाया डच काळातला असल्याने थोडा वाचलेला आहे. जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कटू आहे. कर सरकारला मिळाला नाही, त्यामुळे करदाता म्हणून तुम्ही अजून देणेकरीच आहात. पेपेआतेचं सरकारी काम दस्त करण्याचं. लोकांचे कराचे पैसे स्वीकारणं हे त्याच्या अधिकारात कुठेच लिहिलेलं नाही. ते तुम्ही त्याला खाजगीत सोपवलेलं काम, आपल्या भाषेत मुखत्यारी. म्हणून जबाबदारी त्याची, आणि ती व्यक्तिशः.

उलट कायद्याने त्याच्यावर वेगळंच बंधन घातलंय. कर भरल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय त्याने दस्तावर सही करायचीच नाही. २००९ च्या स्थानिक कर कायद्यात असं करणाऱ्याला दर दस्तामागे ७५ लाख रुपिया दंड होता. २०२२ च्या नव्या कायद्याखालीही हे बंधन कायम आहे. तुमच्या बाबतीत पुरावा खोटा होता आणि तो त्यानेच आणला होता, म्हणजे हे बंधन त्याने कळून मोडलं. पण तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या हातात त्यातला छदामही येत नाही.

एक दिलासा. कर थकला म्हणून तुमची खरेदी रद्द होत नाही. दस्त तुमच्या आणि इबूंच्या दरम्यान खराच आहे. फक्त भूमी कार्यालय कराच्या पुराव्याशिवाय नाव चढवणार नाही.

आपल्याकडेही असंच आहे. सरकारी माणसाने केलं म्हणून सरकार भरून देईल, हा समज आपल्या न्यायालयांनी पूर्वीच मोडीत काढलाय. १९४७ साली मेरठ पोलिसांनी एका सराफाचं सोनं ठेवून घेतलं आणि ज्याच्या ताब्यात ते होतं तो हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. कस्तुरीलाल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं नाही. नंतरच्या निकालांनी ती भूमिका बरीच पातळ केली, तरी मूळ निकाल वाचताना मला आजही त्रास होतो. तुमच्याशी आणखी जवळचा खटला १९७८ चा, स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी. बाईंनी बँकेत भरायचे पैसे ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याच्या हातात दिले आणि त्याने ते खाल्ले. न्यायालय म्हणालं, त्याने ते नोकरीचा भाग म्हणून घेतलेच नव्हते, ओळखीचा माणूस म्हणून घेतले होते. बँक सुटली.

---

सह्याद्रीपुत्र

हे बरोबर वाटत नाही, ताई. सामान्य माणूस पाटीवरचं चिन्ह बघून पैसे देतो. त्याने अधिकार कुठे संपतो आणि ओळख कुठे सुरू होते हे कसं ओळखायचं?

---

निशिगंध

तुमचं म्हणणं मला पटतं. मी कायदा काय आहे ते सांगितलं, तो न्याय्य आहे असं म्हटलेलं नाही.

---

जुना_कारकून

मी नोंदणी खात्यात एकतीस वर्षं होतो. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेरचं जग फार जवळून पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

आमच्या वेळी मुद्रांक कागदावर मिळायचा. तेलगी प्रकरण उघड झालं तेव्हा आम्ही हादरलो, कारण तो खोटा कागद आमच्याच टेबलावरून गेलेला असू शकत होता. पुढे फ्रँकिंग आलं, मग 'ग्रास' या सरकारी संकेतस्थळावरचं ऑनलाइन चलन. आता पैसा थेट सरकारी खात्यात जातो आणि नोंदणीच्या वेळी चलन 'डिफेस' होतं, म्हणजे तेच चलन दुसऱ्या दस्ताला वापरता येत नाही. ही फार मोठी सुधारणा आहे.

पण पैसा सरकारी खात्यात जाण्याआधी कोणाच्या हातातून जातो, तिथे अजूनही भोक आहे. पक्षकार एजंटाला सात लाख देतो. एजंट मूल्यांकन खाली ओढून पाच लाखांचं चलन काढतो आणि दस्त नोंदवून घेतो. तीन वर्षांनी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस येते ती खरेदीदाराला. कमी पडलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड, चौपटीपर्यंत. एजंट कुठे आहे, कोणाला माहीत. असे लोक माझ्या टेबलासमोर रडताना मी पाहिले आहेत, आणि मला त्यांच्यासाठी काहीही करता येत नव्हतं.

वैदेहीताई, माझा एकच प्रश्न. पावतीवर काय लिहिलंय? अक्षरशः काय शब्द आहेत?

---

पेडणेकर_गोवा

थोडं विषयांतर, पण उपयोगी पडेल. आमच्या गोव्यात पोर्तुगीज पद्धतीचा नोटरी अजून आहे. मृत्युपत्र, वारसा दस्त हे सब रजिस्ट्रारच नोटरी म्हणून करतो आणि त्यांची नोंदवही सरकारी कार्यालयात राहते. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात त्याला विशेष नोटरी म्हटलंय. डचांनी जावात नेलेला आणि पोर्तुगिजांनी आमच्याकडे आणलेला नोटरी एकाच युरोपीय घराण्यातले. फरक एवढाच की आमचा पगारी सरकारी नोकर आणि तिथला फीवर चालणारा. इथे शुल्क कार्यालयातच भरायचं असतं, त्यामुळे मधे कोणी राहत नाही. लोक मात्र इथेही वकिलाकडे रोख देतात, ते वेगळं.

---

वैदेही_जावा

@जुना_कारकून काका, पावती आत्ता काढून पाहिली. आमच्या पावतीवर दहा हजारांचा मुद्रांक चिकटवलेला आहे आणि 'बियाया पंगुरुसान' असं लिहिलंय, म्हणजे कामाचा खर्च. पाच कोटी दहा लाख, एकाच आकड्यात. कर वेगळा दाखवलेला नाही.

---

मंदार_जकार्ता

अरेरे. तो उद्या म्हणेल, हे सगळे माझ्या कामाचे पैसे, काम पुरं झालं नाही एवढंच, तुम्ही दिवाणी दावा करा. इथे हा बचाव फार ऐकू येतो.

---

निशिगंध

इथेच खरा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अपहाराच्या गुन्ह्याला इंडोनेशियन भाषेत 'पंगगलापान' म्हणतात. मूळ शब्द 'गलाप', अंधार. सोपवलेली वस्तू अंधारात नेणं. जुन्या दंडसंहितेत साध्या अपहाराला ३७२ कलमाखाली चार वर्षांपर्यंत, आणि धंद्याच्या किंवा मोबदल्याच्या निमित्ताने ताब्यात आलेल्या वस्तूच्या अपहाराला ३७४ खाली पाच वर्षांपर्यंत कैद. २ जानेवारी २०२६ पासून नवी संहिता लागू झाली, तिच्यात ही कलमं ४८६ आणि ४८८ झाली आहेत. तुमचा प्रकार आधीचा, त्यामुळे कोणतं कलम लावायचं हे तिथल्या वकिलाने ठरवावं. तक्रारीत घटनेच्या तारखा स्पष्ट लिहा.

अपहार सिद्ध व्हायला पैसे 'सोपवलेले' होते हे दिसलं पाहिजे. फी म्हणून दिलेले पैसे त्याचे झाले. कर भरण्यासाठी दिलेले पैसे तुमचेच राहिले, फक्त त्याच्या हातात होते. कर्ज बुडवणं आणि ठेव खाणं यात हाच फरक आहे. खोट्या शिक्क्याची पावती ही वेगळी बाजू, बनावट कागदाचा गुन्हा. तीही तक्रारीत हवीच, कारण माणूस नुसता अडचणीत असता तर त्याने शिक्का बनवला नसता. त्याचा हेतू सांगायला तुमच्याकडे सर्वांत बोलका पुरावा तोच आहे.

पैसे खजिन्यात पोहोचलेच नाहीत, मग हा भ्रष्टाचार की अपहार, यावर तिथे दोन मतं आहेत. मला वाटतं भरणा होईपर्यंत ते तुमचेच पैसे, म्हणून अपहाराची तक्रार अधिक सरळ.

आपल्याकडचं एक उदाहरण मी नव्या वकिलांना नेहमी सांगते. हरीशचंद्र तिवारी विरुद्ध बैजू, सर्वोच्च न्यायालय, २००२. बैजू म्हातारा, गरीब, निरक्षर शेतकरी. जमीन संपादनाची भरपाई ८,११८ रुपये. वकिलाने ती न्यायालयातून १९८७ साली काढली आणि स्वतःकडेच ठेवली. तक्रार झाल्यावर तडजोड झाल्याचं खोटं प्रतिज्ञापत्र दिलं. बार कौन्सिलने तीन वर्षं सनद निलंबित केली होती. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली आणि सनद कायमची काढून घेतली. आठ हजारांसाठी. रक्कम लहान की मोठी हे न्यायालयाने पाहिलं नाही, विश्वास कोणी टाकला होता ते पाहिलं.

---

सह्याद्रीपुत्र

बैजूंना ते पैसे मिळाले का शेवटी?

---

निशिगंध

शिस्तभंगाच्या कारवाईत पैसे वसूल होत नाहीत, तो मार्ग वेगळा असतो. वैदेही, तुमच्याबाबतीतही हे तीन मार्ग वेगवेगळे ठेवा. मंत्रालयाच्या देखरेख मंडळाकडे तक्रार केली तर लेखी ताकीद, निलंबन, अप्रतिष्ठेसह बडतर्फी, एवढंच होईल. पोलिसांत केली तर कैद. पैसे हवेत तर दिवाणी दावा, करारभंगाचा किंवा बेकायदा कृत्याने झालेल्या नुकसानीचा. पुष्कळ लोक एक तक्रार करून तिन्हीची वाट बघतात.

---

मंदार_जकार्ता

आणि दाव्याआधी सोमासी, म्हणजे वकिली नोटीस. ऑफिस बंद असलं तरी नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा आणि पोच ठेवा.

इथे पेपेआते शिक्षेपर्यंत पोहोचतात का, असा प्रश्न मनात आला असेल तर, पोहोचतात. अभिनेत्री निरिना झुबिर यांच्या कुटुंबाची सहा प्रमाणपत्रं घरकाम करणाऱ्या बाईने परस्पर दुसऱ्यांच्या नावावर केली. २०२१ साली हे बाहेर आलं आणि पुढच्या वर्षी जकार्ताच्या न्यायालयाने तिच्यासोबत त्यात सामील झालेल्या नोटरी-पेपेआतेंनाही कैद दिली. तो अपहाराचा नव्हे, खोट्या दस्ताचा मामला होता. पण पाटीवरचं चिन्ह त्यांना वाचवू शकलं नाही.

तुमच्या फोनवर 'सन्तुह तानाहकू' हे भूमी मंत्रालयाचं अ‍ॅप घ्या. त्यात प्रमाणपत्राची स्थिती दिसते. मधल्या काळात त्यावर कुठला बोजा चढला नाही ना, हे आधी बघा. प्रमाणपत्र त्याच्या ताब्यात होतं, मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

---

अश्विनी०७

माझ्या काकांचं असंच झालं होतं, गावाकडे. एजंटाने पैसे घेतले, दस्त झाला, फेरफार झालाच नाही. काका गेले तोवर सातबाऱ्यावर जुनंच नाव. काकू अजून तहसीलच्या चकरा मारते. वैदेही, प्लीज थांबू नकोस.

---

वैदेही_जावा

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफी.

अ‍ॅपवर पाहिलं. प्रमाणपत्रावर बोजा नाही, नाव अजून इबूंचंच आहे. पेपेआतेच्या ऑफिसातली एक मुलगी, तिलाही चार महिने पगार नव्हता, तिने स्वतःहून फोन केला. मूळ प्रमाणपत्र आणि आमचा दस्त कपाटातच होते. मंडळाच्या लोकांसमोर पंचनामा करून ते मिळाले. ती मुलगी हात जोडून म्हणाली, मी फक्त टायपिंग करायचे. मला तिच्यावर राग धरता आला नाही.

देखरेख मंडळाकडे आणि नोटरींच्या मंडळाकडे, दोन्हीकडे तक्रार दिली. मंदारदा, तुम्ही सांगितलं नसतं तर एकीकडेच दिली असती.

पोलिसांत जायच्या दिवशी मी इबूंकडे गेले होते. त्या यायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, या वयात चौकीत काय जाऊ, गेलं ते गेलं. मी म्हटलं, तुमची पावती तरी दाखवा. त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून घडी काढली. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या बाई. पेपेआतेने 'कामाचा खर्च' असं लिहिलं होतं, ते त्यांनी त्याच्यासमोरच खोडायला लावलं होतं आणि 'तितिपान पाजाक पंगहासिलान' असं लिहून घेतलं होतं. प्राप्तिकर भरण्यासाठी सोपवलेली रक्कम. खाडाखोडीवर त्याची सही. काका, तुम्ही विचारलं होतं ना, अक्षरशः काय शब्द आहेत? हे शब्द आहेत.

चौकीतल्या अधिकाऱ्याने आमची पावती बाजूला ठेवली आणि इबूंची हातात घेतली. त्यांच्या नावाने मुख्य तक्रार झाली, आम्ही दुसरे तक्रारदार. खोट्या शिक्क्याची प्रत जोडली.

नाव चढवायला दोन्ही कर भरल्याचा पुरावा लागतो. आमचा कर नवऱ्याने परवा स्वतः बँकेच्या खिडकीवर भरला. इबूंचाही आम्हीच भरला. त्या ऐकेनात, शेवटी उसने म्हणून कागद करून घेतला त्यांनी, मुद्रांक लावून. पेपेआतेकडून कधी वसूल झाले तर त्यातून वळते करायचे, असं त्यात लिहायला लावलं.

भरणा झाल्यावर आम्ही तिघं कर कार्यालयात गेलो. त्याच बाई होत्या. मी पावती पुढे केली, त्यांनी क्रमांक टाकला, पडदा आमच्याकडे वळवला. आमचं नाव होतं. इबूंनी चष्मा लावून आकडा न आकडा पावतीशी ताडून पाहिला, मग मान हलवली.

---

जुना_कारकून

इबूंना माझा नमस्कार सांगा.

---

निशिगंध

वैदेही, तो उसनवारीचा कागद आणि इबूंच्या पावतीची साक्षांकित प्रत तुमच्या वकिलाकडे आजच द्या. दिवाणी दाव्यात नुकसानीचा आकडा त्यावरच उभा राहणार आहे. आणि त्या ऑफिसातल्या मुलीचा जबाब पोलिसांनी लवकर नोंदवावा असं सांगा. ती साक्षीदार आहे, आरोपी नव्हे, हे तिलाही कोणीतरी समजावून सांगायला हवं.

---

वैदेही_जावा

उद्या तिच्याकडे जाते. इबू म्हणाल्या, त्याही येणार.